एलियाहू आला की यायचा आहे?

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये गुरुद्वारे, सिंधी दरबार, देवळं यांची दाटी आहे. ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात फरक काय, असं इथे कुणाला विचारलं तर बहुधा एका वाक्यात निकाल लागेल: येशूला मानतात ते ख्रिस्ती, मानत नाहीत ते ज्यू. उत्तर चुकीचं नाही, घाईचं आहे. शहाडहून लोकल पकडून ठाण्याला उतरलं तर ते जरा सावकाश समजून घेता येतं.

टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ सालचं ‘शआर हाशमाईम’ सिनेगॉग आहे. तलावपाळीजवळ बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं, मूळ पोर्तुगीज काळातलं चर्च आहे. दोन्हींतलं अंतर चालत जाण्याजोगं. योहानाचं नाव इथे फार सोयीचं ठरतं, कारण दोन धर्मांची फारकत जिथे होते तिथेच तो उभा आहे.

एलियाहू संदेष्टा अग्निरथातून जिवंतपणी स्वर्गात गेला, ही कथा दोघांनाही मान्य आहे. देवाच्या थोर दिवसाआधी तो परत येईल, हे मलाखीच्या पुस्तकातलं आश्वासनही दोघं वाचतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की यायचा होता तो एलीया, म्हणजेच एलियाहू, हा योहानच. म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी वर्दी देणारा येऊन गेला, त्याच्यामागून मसीहाही आला. ज्यूंच्या लेखी एलियाहू आणि मसीहा दोघंही अजून यायचे आहेत. वल्हांडण सणाच्या जेवणात ते एलियाहूसाठी पेला भरून ठेवतात, मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात.

फरक ग्रंथाच्या मांडणीतही दिसतो. प्रोटेस्टंटांच्या जुन्या करारात आणि ज्यूंच्या पवित्र शास्त्रात मजकूर तोच आहे, पण ख्रिस्ती क्रमात मलाखी शेवटी येतो. पान उलटलं की नवा करार सुरू. ज्यूंच्या क्रमात शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो.

कोकणातल्या ‘बेने इस्राएल’ ज्यूंनी तर एलियाहूला अगदी आपल्या घरचा करून टाकलं. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुका मेवा आणि फळं असा मलिदा त्याच्या नावाने होतो. नवस फेडताना, लग्नकार्यात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. जगातल्या इतर ज्यू समाजांत हा मलिदा नाही. तेलाचे घाणे ज्यूंच्या विश्रामाच्या वारी, म्हणजे शनिवारी, बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव या समाजाला पडलं. ख्रिस्ती लोकांनी विश्रामाचा वार रविवारावर नेला, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार येशू त्या दिवशी पुन्हा उठला.

एकच देव, दहा आज्ञा, दाविदाची स्तोत्रं हे सगळं सामाईक आहे. येशू स्वतः ज्यू होता आणि आठव्या दिवशी त्याची सुंता झाली होती, असं लूकच लिहितो. पण देव माणूस झाला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून तो एकच आहे, इथे ज्यू थांबतात. तडजोडीला जागा उरते ती इतर गोष्टींत.

महाराष्ट्रात या दोन धर्मांचा संबंध वेगळ्याच वाटेने जुळला. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत ज्यू मुलं शिकली, ज्यू शिक्षकांनी शिकवलंही. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांत अब्राहाम आणि योसेफ यांच्यावर कीर्तनं होऊ लागली. मराठी ख्रिस्ती मंडळीही टाळ-चिपळ्या घेऊन येशूचं कीर्तन करत होती. साकी आणि दिंडी ही वृत्तं दोघांची सारखीच.

मिशनऱ्यांना धर्मांतराची आशा होती. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल मात्र अगदी थोडे. बाकीच्यांनी मिशनच्या शाळेतलं शिक्षण आणि हिब्रू घेतलं, आणि ते सिनेगॉगमधली आपली प्रार्थना समजून म्हणण्यासाठी वापरलं.