मंद वाणीची ओळख

ख्रिस्ती जीवनात देवाचे मार्गदर्शन बहुधा गाजावाजा न करता येते. पहिले राजे या ग्रंथाच्या 19व्या अध्यायात संदेष्टा एलीया होरेब डोंगरावर उभा असतो. वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात. देवाची वाणी त्यानंतर, अगदी मंद स्वरात येते.

मराठी ख्रिस्ती परंपरेतले याचे उदाहरण नागपूरशी जोडलेले आहे. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यातल्या एका सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. निरोप घेताना त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन धरून ठेवले. पुढे अभ्यास आणि प्रार्थना सुरू राहिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची ‘अभंगांजली’ आजही मराठी मंडळ्यांना परिचित आहे.

प्रेरणा देवाची की स्वतःच्या इच्छेची, हे ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. देवाची प्रेरणा पवित्र शास्त्राशी जुळते. प्रार्थनेत दिवसेंदिवस टिकते. मंडळीतील अनुभवी वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याला घाबरत नाही. तिच्यामुळे नम्रता आणि प्रीती वाढते. उतावीळपणा, भीती किंवा अहंकार वाढत असेल, तर थांबणे योग्य.

टिळकांच्या बाबतीत ही वाणी आली ती प्रवासातल्या साध्या संभाषणातून. म्हणून आज भेटणाऱ्या प्रत्येक माणसाचे बोलणे मन लावून ऐकावे.