ताटलीचा टाळ, डब्याचा पखवाज

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरकडे जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. पालखी पुढे सरकली, की कऱ्हाटी गावातल्या अंगणात पोरांची दिंडी निघते: ताटलीचा टाळ, पत्र्याच्या डब्याचा पखवाज.

तीन वर्षांच्या पोराला हेवा वाटतो, पण सांगता येत नाही. धाकट्या भावंडाचं कौतुक झालं, की तोच डबा दणदणा वाजतो. मोठी माणसं ‘कटकट बंद कर’ म्हणून ओरडतात. त्यापेक्षा शेजारी बसून ठेका धरावा. आधी त्याच्याइतकाच जोरात, मग संथ. पोर बहुधा मागोमाग येतं. मग विचारावं, ‘डबा रागावलाय का रं?’ डब्याचा राग सांगणं सोपं असतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षण सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावातल्याच वस्तू हाती घेतल्या. आजच्या अंगणवाडीत गाणी आहेत, पण पुष्कळदा पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची!

ऊसतोडीच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर आई-बापांसोबत आलेली मुलं गाव, आजी, सवंगडी मागे ठेवून येतात. त्यांना अंगणवाडीच्या पहिल्या दिवशी आजीचंच गाणं म्हणू द्यावं, रडवेलं असलं तरी. स्वागतगीत पुढच्या आठवड्यात शिकवता येईल.