कोणत्या सालची फियाट?

मुलुंडला आमच्या इमारतीखाली 1985 ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कागदोपत्री पद्मिनी, घरात ती पहिल्या दिवसापासून फियाटच. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली, तो आमच्यापासून लांब नव्हता. लालबहादूर शास्त्री मार्गाने सरळ गेलं की कुर्ला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट बाजारात आणली, तीच पुढे पद्मिनी झाली. आज कारखान्याच्या जागेवर इमारती आहेत आणि रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं आहे.

वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली ही गाडी मी दुरुस्तीला काढली, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा विचारलं, "ओरिजिनल करायची की मॉडिफाय?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ओरिजिनल. गाडी खोलत गेलो तसं हे उत्तर अवघड होत गेलं.

पांढऱ्या रंगाखाली फिकट निळा निघाला. तो कारखान्याचा. पांढरा वडिलांनी दिलेला, माझ्या दहावीच्या वर्षी. गणपतीला कोकणात जाताना सामान बांधायचं म्हणून टपावर कॅरिअर बसवला होता, त्याच्या पायांचे वण पन्हाळीत आहेत. सीटची कव्हरं आईने शिवलेली. यातलं काहीच मूळचं नाही. गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवसाकडे तिला परत न्यायची, तर आमच्या घराची चाळीस वर्षं खरवडून काढावी लागतात. मग ओरिजिनल म्हणजे नेमकं कोणत्या सालचं?

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी वापरतो. गावोगावी काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळांना भक्तीनेच ऑइलपेंट फासलेला दिसतो. दगड झाकला जातो, ओल आत कोंडते. गाडीचंही तसंच होतं, आणि ते मी भोगलं आहे. पहिल्या खेपेला एका गॅरेजने गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर झकास रंग मारून दिला. पुढच्याच पावसाळ्यात दाराखाली फोड आले, बोटाने दाबलं तर पापुद्रा हातात आला. मग दुसऱ्या मिस्त्रींनी गंज धरलेला पत्रा कापून काढला आणि त्या मापाचा नवा घडवून जोडला. ते काम पाहत मी कित्येक रविवार घालवले. पत्रा ठोकताना ते आवाजावरून जाडी ओळखायचे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, आणि असे हात आता मोजकेच आहेत.

बदल करूच नयेत असं मी म्हणत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आजच्या द्रुतगती मार्गावर काढायची तर ब्रेक चोख हवेत आणि मागच्या सीटलाही पट्टे हवेत. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, ते बदललेच पाहिजेत. जीव वाचवणारा बदल हे कर्तव्य आहे. पण 1089 सीसीचं मूळ इंजिन काढून त्या जागी आजचं इंजिन घालणं मला मान्य नाही. बॉनेट उघडल्यावर कार्बोरेटर, प्लग, पॉइंट समोर दिसतात, साध्या पान्यांनी खोलता येतात. सामान्य माणसाला समजणारं यंत्र हेच तिचं मोल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही मूळ नोंदीशी विसंगत फेरफारांना आडकाठी करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं.

2021 च्या नियमांनी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. ते चांगलंच झालं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. माझ्या गाडीला तो मान 2035 मध्ये मिळेल. तिने त्यानंतरही भाजी आणायला मुलुंड स्टेशनपर्यंत जावं, असं मला मनापासून वाटतं.

29 ऑक्टोबर 2023 हा मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ठरला. एखादी टॅक्सी कोणी जपायला घेतलीच, तर तिच्या छताचं रंगीबेरंगी कापड आणि डिकीतली सीएनजीची टाकी काढून टाकू नये. त्या गोष्टी कारखान्याच्या नाहीत, चालकांच्या आहेत. पण त्या काढल्या की टॅक्सी उरत नाही.

माझी गाडी मी पांढरीच ठेवली. डिकीच्या आत तळहाताएवढा निळा रंग तसाच राखला आहे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत आहे आणि काय, कधी, का बदललं ते एका वहीत लिहिलेलं आहे. तुमच्या इमारतीत कव्हरखाली एखादी फियाट धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रींना एकदा तिचं बॉनेट उघडून पाहू द्या.