न पाहिलेल्या माशाचे चित्र

१९३४ साली बर्म्युडाजवळ विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून ३,०२८ फूट खोल उतरले. खिडकीतून दिसेल ते बीब टेलिफोनवरून सांगत आणि ग्लोरिया हॉलिस्टर वर जहाजावर टिपून घेत. चित्रकार एल्झ बोस्टेलमन त्या वर्णनांवरून मासे रंगवत. स्वतः मात्र त्या गोळ्यातून कधीच उतरल्या नाहीत. तरीही ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या वाचकांना खोल समुद्र दिसला तो त्यांच्या कुंचल्यातून.

अशा चित्रावर विश्वास कसा ठेवायचा? कॅमेरा तरी खरे बोलेल, असे वाटते. २००३ साली टास्मान समुद्रातून वर काढलेल्या ब्लॉबफिशचा फोटो जगभर गाजला: लोळागोळा अंग, लोंबते नाक. २०१३ मध्ये लोकांनी मते देऊन त्याला सर्वांत कुरूप प्राणी ठरवले. पण आपल्या खोलीवर, पाण्याच्या प्रचंड दाबाखाली, तो बराचसा चारचौघा माशांसारखाच दिसतो. वर आणताना त्याचे लिबलिबीत शरीर ढासळते. फोटोत खोट नव्हती, पण जिवंत माशाविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. शरीररचना जाणणारा चित्रकार मेलेल्या नमुन्यावरून जिवंत मासा पुन्हा उभा करू शकतो. इथे कला ही विज्ञानाची सजावट नसते, ती विज्ञानाचेच काम करते.

मात्र याच ताकदीत धोका आहे. १९३२ साली बीबना खिडकीबाहेर सुमारे सहा फुटी, अंगावर दिव्यांची रांग असलेले दोन मासे ओझरते दिसले. बीबनी त्यांचे शास्त्रीय नावही ठेवले, ‘बॅथिस्फेरा इन्टॅक्टा’. बोस्टेलमननी ते दातांसकट रंगवले. तो मासा पुन्हा कोणालाच दिसला नाही आणि मत्स्यतज्ज्ञांनी शंका घेतल्या. बीबच्या नजरेपुढून क्षणात सरकलेली गोष्ट कागदावर मात्र ठाम होऊन बसली.

संग्रहालयात फुटका रांजण जोडताना हरवलेला तुकडा बऱ्याचदा मुद्दाम वेगळ्या छटेने भरतात. खोल समुद्राच्या चित्रांनाही ही शिस्त हवी. कोणता भाग पाहिलेला, कोणता नमुन्यावरून घेतलेला आणि कोणता तर्काने भरलेला, हे बघणाऱ्याला कळले पाहिजे. त्याने लोकांचे कुतूहल ओसरेल ही भीती व्यर्थ आहे. पुढची मोहीम कशासाठी काढायची आणि तिला जनतेचा पैसा का द्यायचा, याचे उत्तर त्या तर्काने भरलेल्या भागातच असते.