दहापैकी किती?

आमच्या भागात दुखण्याला लई शब्द आहेत. ठणका वेगळा आणि कळ वेगळी. सणक एकदम येते आणि येऊन जाते. चमक पाठीत भरते, रग चालून चालून पायाला लागते, गळू पिकायच्या आधी ठुसठुसतं, दाढेची तिडीक कानापर्यंत जाते. भाजल्यावर आग होते आणि वर नवी कातडी आली की ती हुळहुळी असते. एवढी भाषा जवळ घेऊन मी दवाखान्यात गेलो आणि तिथं मला विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे याच्या वरचं सुचतच नाही. औषध लागू पडलं का नाही हे कळायला डॉक्टरलाही काहीतरी माप पाहिजे. हाळी हंडरगुळीच्या बैलबाजारात जुने दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. पण तिथं निदान दोन हात असायचे. दुखण्याच्या रुमालाखाली एकट्याचाच हात असतो. समोरचा नुसता तोंडाकडं बघत राहतो. मी "सहा" म्हणलं. त्यानं लिहून घेतलं. त्याचं सहा आणि माझं सहा एकच आहे का, हे कोण बघणार?

माझं झालेलं थोडक्यात सांगतो. २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्याच महिन्यात, माझा उजवा गुडघा बदलला. तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पाणी यायला लागलं. आत जंतू गेले होते. धातूच्या सांध्यावर जंतू बसले की थर करून राहतात. धातूत रक्त खेळत नाही, त्यामुळं औषधही तिथवर नीट पोचत नाही. मग बसवलेला सांधा काढावा लागतो, त्या जागी औषध मिसळलेलं सिमेंट भरतात, काही आठवडे इंजेक्शनं-गोळ्या चालतात आणि जंतू गेल्याची खात्री झाली की दुसरा सांधा बसवतात. म्हणजे एका गुडघ्याची तीन ऑपरेशनं. शंभरात एखाद-दुसऱ्याला असं होतं, कितीही काळजी घेतली तरी होतं. जंतूंबद्दल माझी कुणावर तक्रार नाही.

दुसरा सांधा चांगला बसला. फोटो चांगला, रक्त चांगलं. दुखणं मात्र राहिलं ते राहिलंच.

असं का होतं ते पुढं एका भल्या डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. ती सांगत होती नसांचं, मी ऐकत होतो पाटाचं. रानात एकदा पाण्यानं पाट खोल पाडला की पुढं थोडं जरी पाणी सुटलं तरी ते त्याच वाटेनं धावतं. बरेच महिने दुखत राहिलं की पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या नसांचंही तसंच होतं. मूळ जखम भरली तरी वाट बुजत नाही. नुसता पाय टेकवला तरी मेंदूला जखमेची वर्दी जाते. गुडघा बदललेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना असं थोडंफार दुखणं कायमचं राहतं, असं निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसलंय. ऐंशीच्या वर लोक मात्र बरे होतात, चालतात, झोपतात. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याशी पुढं काम आहे.

त्या बाईंच्या आधी एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) मला सांगितलं होतं, "मामा, तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनातून काढून टाका." त्या दिवशी एसटीत बसून गावाकडं येताना माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. माझं दुखणं कागदावर नाही, म्हणजे ते नाही का? आणि मी "आहे" म्हणत असलो तर समोरच्यानं ते कशावरून मानावं?

आम्ही शेतकरी माणसं हा प्रश्न जनावराच्या बाबतीत कधी विचारत नाही. आमच्या भागाचं नाव लागलेली देवणी जात सगळीकडं माहीत आहे. पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची ती वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असली तर बालंक्या, अंगभर काळे डाग असले तर शेवरा. देवणी बैल कामाला दमदार आणि दुखणं लपवण्यात पक्का. पण रवंथ थांबलं, कान पडले, तीन पायांवर भार देऊन उभा राहिला की मालकाला कळतं. तो बोलत नाही, रिपोर्ट दाखवत नाही, तरी आपण त्याला त्या दिवशी जुंपत नाही. बैलावर आपला विश्वास आहे, कारण खोटं बोलून त्याला काही मिळवायचं नाही. माणूस दुखतंय म्हणला की मात्र आधी मनात येतं, याला काय पाहिजे? काम टाळायचंय का? पैसे पाहिजेत का? दुखण्यावर भरवसा ठेवायच्या आधी आपण माणसाची नियत तपासतो. मला तरी हे उलटं वाटतं. दहातला एखादा ढोंगी निघाला म्हणून नऊ जणांना खोटं ठरवायचं, हा हिशेब कुठल्या बाजारात चालेल?

दुसऱ्या बाजूनं आमच्याकडं सोसण्याचं कौतुक फार. "बाई मोठी सोशिक होती" हे मेल्यावर म्हणतात, आणि ते सगळ्यात मोठं बक्षीस. मीही तसाच वाढलो. पण सोसण्याला सरसकट पुण्य म्हणायला मी आता तयार नाही. त्याला कारण एक खरी घडलेली गोष्ट आहे.

डिप्यू नावाच्या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता. वाटी धातूची, गोळाही धातूचा. दोन्ही एकमेकांवर घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण मांसात आणि रक्तात उतरत. माणसं दुखतंय म्हणून तक्रार करीत होती. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो सांधा जगभरातून परत बोलावला. भारतात तोपर्यंत त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सरकारनं २०१७ मध्ये समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरवलं. मुंबईतल्या रुग्णांनी वर्षानुवर्षं कागद घेऊन हेलपाटे घातले म्हणून तिथवर गोष्ट गेली. आणि बाकीचे? सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही. त्यात काही वारले असतील, काहींनी घर बदललं असेल. पण कितीतरी जण आपल्या वयाला बोल लावत, खुबा दाबत, गप बसले असतील असं मला वाटतं. सोसणारा माणूस यादीत येत नाही. त्याच्या सोसण्यानं दुसऱ्याला सावध करणारी खूण पुसली जाते.

मग कण्हत बसायचं का? तेही नाही. बुद्धांच्या उपदेशात दोन बाणांची गोष्ट येते. अंगाला लागतो तो पहिला बाण. मग माणूस शोक करतो, तळमळतो, तो त्यानं स्वतःला मारून घेतलेला दुसरा बाण. आमच्या इथल्या विहारात एका कार्यक्रमात ही ऐकली. मला पटली, पण अर्धीच. दिवसा पटते. रात्री दोन वाजता गुडघ्यात तापलेली सळई फिरवल्यासारखं होतं तेव्हा पहिला बाण कुठला आणि दुसरा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. तरीपण "हे असंच राहणार, आता माझं काय होणार" हे रोज म्हणायचं सोडल्यापासून झोप थोडी वाढली, हेही खरं. व्यायाम, नसांची गोळी, गरम पाण्याची पिशवी, उंच संडास आणि बसायला खुर्ची, एवढ्यावर माझा संसार चालू आहे. पंगतीत मांडी घालून बसणं गेलं. त्याचं वाईट वाटतं. गुडघ्याच्या मानानं ते लहान दुःख आहे, पण लग्नात एकट्यानं खुर्चीवर ताट घेऊन बसलं की पाहुण्यासारखं वाटतं.

दुखणं मारायची गोळी रोज खात नाही. त्या गोळ्या मूत्रपिंड खातात हे बऱ्याच जणांना माहीत आहे. गिधाडांचं मात्र फार जणांना माहीत नसतं. डायक्लोफेनॅक हे औषध लंगड्या, सुजलेल्या जनावरांना सर्रास टोचलं जायचं. जनावर मेलं की हाडक्या रानात टाकायचं, गिधाडं दोन तासांत साफ करायची. मांसात राहिलेल्या त्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि काही वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण आमच्या आभाळात ती परत दिसली नाहीत. बैलाचं दुखणं कमी करण्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तरी किंमत दिली ती गिधाडांनी, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या घरातही तसंच झालं. तीन ऑपरेशनांत एक एकर रान गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमती बांधून दिल्या, सगळ्यात जास्त वापरला जाणारा सांधा सुमारे दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर आला. माझं सगळं त्याच्या आधी उरकलं होतं. मी खाटेवर होतो तेव्हा पेरणी, खुरपणी, धार, माझं हागणं-मुतणं, सगळं आमच्या कारभारणीनं काढलं. तिचेही गुडघे गेलेत. चाळीस वर्षं वाकून खुरपल्यावर जाणारच. खाली बसताना आधी चौकटीला हात लावते, मग एकेक पाय दुमडते. मी एकदा तिला डॉक्टरसारखं विचारलं, दहापैकी किती? ती हसली. म्हणली, "मला शाळंत कुठं घातलं होतं? दहा मोजाय तुम्हालाच येतंय."

आता खरा पेच सांगतो. गेली काही वर्षं आजूबाजूच्या गावांतले लोक माझा गुडघा बघायला येतात. "मामा, ऑपरेशन करलालाव. म्हनलं आधी तुमचा पाय बघावं." धोतर वर करून मी तो लांब व्रण दाखवतो. बोट लावून बघतात, चुकचुकतात. निम्मे लोक तिथंच ठरवतात, नको बाबा. आमच्याच गावात एका निवृत्त गुरुजींचे दोन्ही गुडघे बदललेत आणि ते स्कूटरवर देवणीला बाजारला जातात. त्यांच्याकडं कुणी जात नाही. बरं झालेल्या माणसाकडं सांगण्यासारखी गोष्टच नसते. माझ्याकडं गोष्ट आहे, म्हणून माझं वजन जास्त पडतं.

माझं बोलणं खरं आहे, अक्षरन्‌अक्षर खरं. पण त्या खऱ्यानं एखादी बाई ऐंशीत पडायची ती घाबरून जन्मभर फरफटत चालणार असेल, तर मी खरं बोललो एवढ्यावर सुटतो का? आणि खोटं सांगू? "काही होत नाही, करा बिनधास्त"? बैलाची खोड लपवून विकणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. बरं, नुसता आकडा सांगितला तर आकडा कुणाला ऐकू येत नाही. शंभरातले ऐंशी डोळ्यांपुढं उभे राहत नाहीत, समोर मी एकटा लंगडा दिसतो.

म्हणून आता माझी एक रीत आहे. आलेल्या माणसाला मी आधी गुरुजींकडं पाठवतो. "त्यांना जिना चढाय लावा, मग माझ्याकडं या." परत आला तरच व्रण दाखवतो. मग जंतूंचं सांगतो, साखर आहे का विचारतो, दात-बित किडलेत का विचारतो, कारण शरीरात कुठं पू असला तर आधी तो काढावा लागतो. आणि पुढं कायमचं दुखलं तर कुणाला सांगणार, तुमचं ऐकणारं माणूस घरात हाय का, हे विचारतो. या प्रश्नावर बरेच जण गप होतात. गुरुजी माझ्यावर वैतागलेत, दिवसातून दोनदा जिना चढावा लागतो म्हणतात.

परक्यांना ही रीत चालते. घरात चालत नाही. कारभारणीला मी गुरुजींकडं चल म्हणलं तर म्हणाली, "त्येंचं मी काय बघू? तुमचं रातंदिस बघितलंय, बास झालं." तिला काय उत्तर द्यावं? गुडघा तिचा, निर्णय तिचा, असं म्हणून मोकळं होता येतं. शहरात तसंच म्हणतात आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्या घरात बोलणाऱ्याचंच दुखणं मोजलं गेलं, तिथं न बोलणारीवर निर्णय सोडला म्हणजे तो कधीच व्हायचा नाही. आणि मी आग्रह धरला आणि तिचं माझ्यासारखं झालं तर? तेव्हा तिला कोण उचलणार? माझ्यानं तर खाली वाकवत नाही. लेकाला विचारलं, तो पुण्याहून म्हणला, "बाबा, तुम्ही ठरवा."

सध्या एवढंच झालंय की उदगीरला तिचा फोटो काढायला नंबर लावलाय. नुसता फोटो, ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तेही तुरीची रास झाल्यावर. तूर अजून फुलात आहे.