माळावरचा तास

दिवाळीच्या सुटीत सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापिका, यांच्यात झालेला हा वाद. मी चहा ओतण्यापुरता होतो.

“सर, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाने पर्यावरण सक्तीचं झालं, आणि पोरं आदल्या रात्री गाईड वाचून पास व्हायला लागली. यंदा मी त्यांना सासवडच्या माळावर नेलं, खड्डे खणले, रोपं लावली. एकेकाने आपल्या रोपाला नाव ठेवलंय. रविवारी कॅन घेऊन पाणी घालायला जातात! तुमच्या तासाला झालं होतं असं कधी?”

“नाही. कुठली रोपं?”

“नर्सरीत मिळाली ती. करंज, वड, थोडं गिरिपुष्प.”

“गिरिपुष्प मेक्सिकोकडचं. आणि अगं, तो माळ उजाड कुठे होता? पवन्या, मारवेल, कुसळी, त्यावर धनगरांची मेंढरं, चिंकारा, लांडगा. धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याला लांबून येणारं संकट दिसावं लागतं. दाट सावली पडली की गवत जातं, मागोमाग हे सगळे.”

“तुमच्याकडेच शिकले की हे. पण २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत झाडं तुटायला लागली तेव्हा रात्री पोरं धावली, काहींना अटक झाली. अन्नसाखळी पाठ होती म्हणून धावली? झाडांवर जीव होता म्हणून. चौकट टाकून गवत मोजणारं पोर रस्त्यावर उतरत नाही.”

सर थोडा वेळ गप्प. मला विचाराल तर इथे बाईंनी डाव मारला होता.

“नसेल उतरत. पण त्याच वर्षी राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. एवढ्या खड्ड्यांना जागा शोधायला निघालं की आधी माळच रिकामा दिसतो. तुझी पोरं उद्या वनखात्यात, जिल्हा परिषदेत बसतील.”

“मग पहिल्याच वर्षी सांगू, तुम्ही केलंत ते नुकसान? परत फिरकणार नाहीत. मी खोटं बोलले नाही, पुढचं सांगायचं ठेवलंय एवढंच.”

“पदवी घेऊन गेल्यावर सांगणार?”

बाईंच्या ओढणीत एक कुसळ अडकलं होतं. सरांनी ते उपसून बशीत ठेवलं, वर पाण्याचा थेंब सोडला. शेपटीचा पीळ सुटायला लागला आणि कुसळ आपोआप गोल फिरलं.

“वाळलं की पीळ परत बसतो. असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. टोकाशी उलटे केस असतात, त्यामुळे मागे सरकत नाही. हे ठेव पोरांच्या तळहातावर.”

“ठेवीन, एक तास रंगेलही. पण सर, माणसाचा जीव जडतो तो ज्याचं आपण काही करतो त्यावर. रोपाला पाणी लागतं. गवताला पोरांचं काय हवंय?”

“मोकळं सोडायला हवंय.”

“सोडून देण्याचा फोटो निघत नाही. नॅकच्या मूल्यांकनाच्या फाईलला काय लावू?”

याला सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

“बरं, कुसळं नेते, खड्ड्यांचंही सांगते. पण ‘मग आमची रोपं उपटायची का’ असं विचारलं तर?”

“गिरिपुष्प उपटा म्हण.”

“आणि करंज? त्याचं नाव बंटी आहे, सर.”