पंथ अनेक, प्रभू एक: ऐक्यासाठी सत्य सोडावे लागते का?



दिल्लीत, नोएडात किंवा गुरुग्राममध्ये दोन ख्रिस्ती माणसे भेटली की लवकरच एक प्रश्न निघतो: "तुम्ही कोणत्या चर्चचे?" प्रश्न साधा आहे. उत्तर ऐकल्यावर आपल्या मनात काय होते, तेवढे मात्र तपासून पाहा. रोमन कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, मार थोमा, पेंटेकोस्टल. नाव कानी पडताच आपण समोरच्याला एका कप्प्यात घालतो आणि त्याच्याशी किती मोकळे व्हायचे हे ठरवून टाकतो.

नवी दिल्लीत राष्ट्रपती भवनाजवळ कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आहे आणि गोल डाकखान्यापाशी सेक्रेड हार्ट कॅथेड्रल. एकाकडून दुसऱ्याकडे चालत जाता येते. दोन्हींचा आराखडा हेन्री मेड या एकाच वास्तुशिल्पकाराने केला. पहिले अँग्लिकनांसाठी बांधले गेले, दुसरे रोमन कॅथलिकांसाठी. दोन्ही घरे एकाच हाताने आखली, पण घरातली माणसे आजही एका मेजाभोवती प्रभुभोजन घेत नाहीत. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूने आपल्या लोकांच्या ऐक्यासाठी प्रार्थना केली (योहान, अध्याय 17). ती आपण वाचतो. तिचे उत्तर आपल्यामुळे तर अडलेले नाही ना, हे मात्र स्वतःला विचारत नाही.

मग सत्याचे काय?

येथे एखादा प्रामाणिक विश्वासणारा म्हणेल, "ऐक्य चांगलेच आहे, पण त्यासाठी सत्य सोडायचे का? स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मी शास्त्रातून शिकलो. दुसरा तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो. आम्ही एक झालो तर दोघांपैकी एकाला खोटे बोलावे लागेल." या आक्षेपाला "शेवटी सगळे सारखेच" असे उत्तर देऊन चालणार नाही. सगळे सारखे नाही, म्हणूनच तर प्रश्न उभा राहतो.

याचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रात, नागपुरात दिले गेले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तेथे सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होते, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. बोलणी 1929 मध्ये लखनौत सुरू झाली होती, म्हणजे या एका दिवसाला 41 वर्षे लागली. आज या मंडळीचे मुख्य कार्यालय दिल्लीत पंडित पंत मार्गावर आहे.

बाप्तिस्म्याचा पेच त्यांनी कसा सोडवला? कोणाचाही विश्वास त्यांनी पुसला नाही. बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच मंडळीत ठेवल्या. ही तडजोड वाटेल, पण नीट पाहा. "तुझे मत मला चुकीचे वाटते" आणि "तू प्रभूचा नाहीस" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले एकाच घरात बसून बोलता येते. भावंडे रोजच बोलतात. दुसरे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि दिवसांवरून भांडणाऱ्यांना हेच समजावले आहे: दुसऱ्याच्या सेवकाचा न्याय करणारा तू कोण? तो आपल्या धन्याला जबाबदार आहे.

डोक्यावरचा हात

याहून अवघड प्रश्न सेवकांचा होता. अँग्लिकन परंपरेत बिशपच्या हातूनच दीक्षा मिळते. इतर परंपरांत असे बिशप नव्हते. मग बाकीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा द्यायची का? तसे केले असते तर "तुम्ही आजवर केलेली सेवा खरी नव्हती" असेच म्हटल्यासारखे झाले असते. नागपुरात वेगळी वाट निवडली गेली. निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाकडे काय उणे आहे याचा निवाडा त्यांनी देवावर सोपवला.

आपण येथे थोडे थांबू या. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला आपण सारेच तयार असतो. आपले डोके त्याच्या हाताखाली वाकवणे कठीण जाते. ऐक्याची खरी कसोटी इथेच आहे. मी त्याला काय शिकवीन, यावर ऐक्य उभे राहत नाही. मी त्याच्याकडून काही घ्यायला तयार आहे का, यावर ते उभे राहते.

कागदावरचे ऐक्य पुरत नाही

नागपूरची गोष्ट सारी गोड नाही. अमेरिकन मिशनमधून वाढलेले मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया दीर्घ चर्चेनंतर ऐन वेळी बाजूला राहिले. गुजरातेत ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ ठराव करून विश्वस्त मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही, असा निकाल 2013 मध्ये लागला. भावाने भावाला कोर्टात नेण्याबद्दल पौल करिंथकरांना किती कळवळून बोलला होता, ते आठवा. तत्त्वज्ञानावर एकमत झालेली माणसेही जमिनीच्या तुकड्यावर दुभंगतात.

"हे पंथ परदेशातून आले, भिंती त्यांनी बांधल्या," असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहेच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सारे शिष्य त्यात सामावावेत, अशी त्यांची इच्छा होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात अँग्लिकन मंडळीत झाला. पण केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाला बांधले नाही.

तरी सारा दोष परदेशावर टाकता येणार नाही. मुलामुलीचे लग्न ठरवताना आपण पंथाआधी जात विचारतो. ही भिंत कोणत्या मिशनऱ्याने जहाजातून आणली? दिल्लीत मल्याळी, तमिळ, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषांत उपासना होतात. आपल्या भाषेत प्रार्थना करणे चांगलेच, पण दुसऱ्या भाषेच्या भावाचे नावही ठाऊक नसावे, हे चांगले नाही.

आजपासून काय करावे?

प्रिय वाचकहो, मंडळ्यांचे विलीनीकरण तुमच्या-माझ्या हातात नाही. तीन गोष्टी मात्र आहेत. एक, ज्या पंथाबद्दल तुम्ही फक्त टीकाच ऐकली आहे, त्यातल्या एका माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारा आणि त्याचे पूर्ण बोलणे होईपर्यंत गप्प बसा. दोन, त्याच्या घरी आजार किंवा दुःख असेल तेव्हा जा; तेथे पंथ विचारू नका. तीन, आणि हे सर्वांत कठीण, त्याला म्हणा, "माझ्यासाठी प्रार्थना करा," आणि खरोखर डोके वाकवा.

तुमच्या विश्वासातले काहीही कमी होणार नाही. कमी होईल तो फक्त आपलेच खरे असल्याचा ताठा, आणि तो प्रभूने कधी मागितलाच नव्हता.